‘तुम्ही कोण?’ : औंधच्या वाटेवरचे मुक्काम

साताऱ्याहून पूर्वेला निघून रहिमतपूर मागे टाकले की माळावर एक टेकडी दिसू लागते. माथ्यावर तटबंदीआड यमाईचे मूळपीठ, पायथ्याशी औंध. शनिवार-रविवार साधून पुण्याहून येणाऱ्यांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो : देवीचे दर्शन, गावातली उंच दीपमाळ, मग श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मा आणि धुरंधरांची चित्रे, आणि अशा आडगावी अनपेक्षितपणे समोर येणारे हेन्री मूरचे ‘माता आणि बालक’. रात्रीचा मुक्काम आसपासच्या एखाद्या घरगुती निवासात. खोली फोनवरून ठरलेली, पैसे आधीच पोहोचलेले. दारात ओळखपत्र मागतात, तेवढेच.

घराजवळच्या अशा सुट्टीला हल्ली ‘स्टेकेशन’ म्हणतात. कोरोनाच्या साथीत परदेशप्रवास बंद झाला तेव्हा ब्रिटनमधील लोक मोठ्या संख्येने आपल्याच देशातील खेड्यापाड्यांकडे वळले, आणि त्यांच्या सहलींचे एक मोठे आकर्षण होते तिथल्या जुन्या ‘इन’. दगडी भिंती, ठेंगणी तुळई, पेटती शेकोटी, दारावर रंगवलेली पाटी. ही छायाचित्रे पाहून आपल्याकडेही कुणी विचारते : महाराष्ट्रात असे काही का नव्हते?

होते. फार वेगळे होते. आणि त्या वेगळेपणाचा इतिहास औंधच्या आसपासच्या वाटांवर जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुठे दिसेल.

आधी इंग्लंडचे पाहू. ‘इन’ म्हणजे नुसता दारूचा गुत्ता नव्हे. झोपायला खोली, जेवण, बिअर आणि घोड्यासाठी तबेला हे सारे एका आवारात विकत मिळण्याचे ठिकाण म्हणजे इन. तिचे मूळ मात्र पुष्कळसे तीर्थयात्रेत आहे. मध्ययुगात वाटसरूला मठांतून आसरा मिळे. यात्रेकरूंची गर्दी वाढली तशा मठांनीच त्यांच्यासाठी वेगळ्या वास्तू उभारल्या. ग्लॅस्टनबरीच्या मठाने पंधराव्या शतकात बांधलेली ‘जॉर्ज अँड पिलग्रिम्स’ आजही उभी आहे. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ बरखास्त केले, फुकटच्या आसऱ्याची परंपरा आटली आणि धंदा तेवढा उरला. पुढे टपालाच्या आणि प्रवाशांच्या घोडागाड्या धावू लागल्यावर या धंद्याला बहर आला. लंडनच्या सदर्क भागातील ‘द जॉर्ज’ ही आगीनंतर १६७७ मध्ये पुन्हा बांधलेली इन त्या काळची खूण म्हणून टिकून आहे : मधले अंगण, त्यावर ओळीने लाकडी सज्जे आणि सज्जांवर उघडणाऱ्या खोल्या. आपल्याकडच्या चौसोपी वाड्याची आठवण व्हावी असे ते आवार.

पण इनची खरी गंमत लाकूडकामात नाही, कायद्यात आहे. इनवाल्याने आपला धंदा जगासाठी खुला केला म्हणजे गिऱ्हाईक निवडण्याचा हक्क त्याने सोडला, असे इंग्लंडच्या न्यायालयांनी शतकानुशतके धरले होते. खोली रिकामी आहे, प्रवासी रीतीने वागतो आहे आणि वाजवी पैसे द्यायला तयार आहे, तर त्याला घ्यावेच लागे. १८३५ मध्ये आयव्हन्स नावाच्या इनवाल्यावर खटला झाला. प्रवासी रात्री उशिरा आला होता, त्याने आपले नाव-गाव सांगायचे नाकारले होते, म्हणून त्याला दार उघडले नाही. न्यायाधीश कोलरिज यांनी इनवाल्यालाच दोषी धरले. गिऱ्हाइकाचे नाव-गाव समजलेच पाहिजे असा आग्रह धरण्याचा अधिकार इनवाल्याला नाही, असे त्यांनी म्हटले.

हा निर्णय वाटसरूविषयीच्या कळवळ्याने दिला गेला असे समजण्याचे कारण नाही. रात्रीच्या वाटेवर चोर-दरोडेखोरांचे भय, पुढची इन कित्येक मैल दूर. अशा वेळी व्यापार-उदीम चालायचा तर दारे उघडी असलीच पाहिजेत, हा व्यवहार त्यामागे होता. खिशात पैसे नसलेल्याला ही इनही बंदच. तरीही तत्त्व म्हणून ते नोंदवून ठेवण्याजोगे आहे, कारण याच राज्यकर्त्यांच्या सातारा जिल्ह्यात पुढे जे घडले ते या तत्त्वाच्या नेमके उलट होते.

आता आपल्या मुलखाकडे. जुन्या महाराष्ट्रात प्रवासी मुक्कामाला उतरे तो देवळाच्या ओवरीत, गावच्या चावडीत, धर्मशाळेत किंवा ओळखीपाळखीच्या घरी. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या सुमारास उत्तरेकडे निघाले. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात अशा मुक्कामांचे जग जिवंत भेटते. धर्मशाळा बांधणे हे पुण्यकर्म होते. अहिल्याबाई होळकरांनी (१७२५–१७९५) देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा उभारल्या त्या याच भावनेने. धर्मशाळेत खाट नसे, ताटही नसे. असे ते छप्पर, सारवलेली किंवा फरसबंद जमीन, जवळ विहीर आणि चुलीपुरती जागा. शिधा आपला, भांडी आपली, स्वयंपाक आपला. पैसे कोणी मागत नसे.

पैसे मागत नसत, म्हणून प्रश्न नसे असे मात्र नाही. प्रश्न होता, आणि तो दारातच होता : तुम्ही कोण? कोणत्या जातीचे? विहिरीला हात लावू द्यायचा की नाही, चूल कुठे मांडू द्यायची, ओवरीवर जागा द्यायची की अंगणात, की गावाबाहेरच, हे सारे त्या उत्तरावर ठरे. अन्न विकत घेऊन खाण्याची रीत रुजली नाही याचेही एक मोठे कारण हेच. दुसऱ्याच्या हातचे शिजलेले खायचे म्हणजे तो कोण हे आधी कळायला हवे. हा पेच केवळ मराठी मुलखातला नव्हता. शेरशाह सूरीने सोळाव्या शतकात राजमार्गांवर दर दोन कोसांवर सराया बांधल्या, त्यांत हिंदू आणि मुसलमान यांची व्यवस्था वेगवेगळी ठेवली होती, असे त्याचा इतिहासकार अब्बास खान सरवानी सांगतो. मुक्कामाची जागा देणारा उदार असला तरी भिंती घालूनच उदार होता.

यातला सर्वांत विलक्षण विरोधाभास गावाच्या वेशीवर उभा असे. जुन्या गावगाड्यात परक्या वाटसरूवर नजर ठेवणे, त्याला वाट दाखवणे, सरकारी माणसाचे सामान पुढच्या गावापर्यंत पोहोचवणे, निरोप नेणे ही कामे महार वतनदाराची होती. वेसकर तोच, वाटाड्या तोच. मुलखातला रस्ता ज्याला सर्वांत चांगला ठाऊक, त्यालाच त्या रस्त्यावरच्या कुठल्याही ओवरीत पाठ टेकायला जागा नव्हती. हे वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले.

इंग्रज आले तेव्हा त्यांनी धर्मशाळेच्या शेजारी आपली वेगळी सोय केली. एकोणिसाव्या शतकात मोठ्या रस्त्यांवर टप्प्याटप्प्याने डाकबंगले उभे राहिले. बसके छप्पर, पुढे पडवी, दोन-तीन खोल्या, मागे मुदपाकखाना आणि एक खानसामा. दिवसाचे ठरावीक भाडे भरायचे; जागा कमी असेल तर चोवीस तास झालेल्याने नव्या पाहुण्यासाठी खोली सोडायची. पाहुणा दिसला की खानसामा अंगणातली कोंबडी धरी आणि ती तासाभरात ताटात येई. या पदार्थाला साहेब लोकांनी ‘सडन डेथ’ असे नाव ठेवले होते. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची रीतसर नोंद आहे. डाकबंगला ही खरे तर इनचीच सरकारी, काहीशी उदास आवृत्ती. पैसे भरा, राहा. पण व्यवहारात तो गोऱ्या अधिकाऱ्यांचा आणि त्यांच्या ओळखीच्या मोजक्यांचा राहिला.

साताऱ्याच्याच डोंगरावर १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरी थंड हवेचे ठाणे वसवले, तेव्हा इंग्लंडच्या खेड्याची नक्कल अधिकच हौसेने झाली. बंगले, चर्च, पुढे क्लब आणि हॉटेले. तिथली कथा मोठी आहे, तिच्यासाठी वेगळा धागा हवा. इथे इतकेच, की त्या नकलेत इनचे सज्जे आणि शेकोट्या आल्या. ‘गिऱ्हाईक निवडता येणार नाही’ हा नियम काही डोंगर चढून आला नाही.

१८८० च्या दशकात पुणे–मिरज रेल्वे झाली. पाडळीचे सातारा रोड, कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर, कराड अशी स्थानके कृष्णाखोऱ्यात उभी राहिली. प्रवास सोपा झाला, पण स्थानकापासून आतल्या गावापर्यंतचे दहा-वीस मैल बैलगाडीचेच राहिले, आणि त्या गाडीबरोबर जुना प्रश्नही तसाच राहिला.

वर्ष १९०१. साताऱ्यातील चार मुले मसूर स्थानकावर उतरली. एक नऊ-दहा वर्षांचा भीमराव, एक त्याचा थोरला भाऊ, आणि दोघे त्यांच्या दिवंगत बहिणीचे मुलगे. वडील रामजी सुभेदार तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगावी रोखपाल होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला घेतला होता. सुट्टीत मुलांनी आपल्याकडे यावे असे वडिलांनी कळवले होते. मुलांचा हा पहिलाच रेल्वेप्रवास. त्यासाठी नवे सदरे शिवले होते, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे आणली होती. आजच्या भाषेत सांगायचे तर ही चार मुले सुट्टीच्या सहलीला निघाली होती.

(अनेक ठिकाणी या गावाचे नाव ‘कोरेगाव’ असे छापले जाते. पण कोरेगावला याच मार्गावर स्वतःचे स्थानक होते. तिथे जायला कोणी मसूरला उतरणार नाही. बाबासाहेबांनी स्वतः गोरेगाव, खटाव तालुका असेच लिहिले आहे. औंधही आज याच खटाव तालुक्यात मोडते.)

मसूरला त्यांना न्यायला कोणी आले नव्हते. आपण येत असल्याचे पत्र मुलांनी धाडले होते, पण वडिलांच्या नोकराने ते त्यांना दिलेच नव्हते, हे दुसऱ्या दिवशी कळले. तासाभराने स्थानकमास्तर चौकशीला आले. कपड्यांवरून त्यांना मुले ब्राह्मणांची वाटली. तुम्ही कोण, असे त्यांनी विचारले. मुलाने निरागसपणे सांगितले, आम्ही महार. मास्तरांचा चेहरा पालटला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. काही वेळाने परतून त्यांनी गाडी ठरवण्याचा प्रयत्न केला. बाहेर बैलगाड्या होत्या, भाडेही हवे होते, पण बातमी गाडीवानांत पसरली होती. दुप्पट भाड्यालाही कोणी तयार होईना. शेवटी मास्तरांनीच तोड काढली : गाडी मुलांनी हाकायची, गाडीवानाने बाजूने चालायचे. एक जण तयार झाला. दुप्पट भाडे ठरले ते ठरलेच.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास गाडी निघाली. तीनेक तासांत पोहोचू, असे गाडीवानाने सांगितले होते. वाटेत तो एका खेड्यात जेवून आला. मुलांकडे शिदोरी होती, पाणी नव्हते. जवळच्या ओढ्यात होता तो चिखल, गुरांच्या शेणामुताने घाण झालेला. घास घशाखाली उतरेना. रात्र पडली, वाटेवर दिवा नाही की माणूस नाही. मध्यरात्रीच्या सुमारास डोंगराच्या पायथ्याशी टोलनाका लागला. तिथे बऱ्याच गाड्या सोडलेल्या होत्या, बैल बांधलेले होते, गाडीवान झोपलेले होते.

त्या मुलखातली हीच इन होती. छप्पर नसलेली, पाटी नसलेली, पण वाटसरू रात्र काढतात ती जागा. नाकेदाराकडे पाणी होते. गाडीवानाने सल्ला दिला : आपण मुसलमान आहोत असे सांगा, म्हणजे मिळेल. भीमरावाला चांगले उर्दू येत होते. त्याने उर्दूत पाणी मागितले. नाकेदाराने विचारले, तुम्ही कोण? मुलाने पढवलेले उत्तर दिले. ते पटले नसावे. तुमच्यासाठी पाणी कोणी भरून ठेवले आहे, हवे असेल तर डोंगरावर जाऊन आणा, अशा अर्थाचे उत्तर आले. मुले उपाशीच गाडीत झोपली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती गोरेगावी पोहोचली. त्यांचे वडील तिथे पाण्याच्या तलावाच्या कामाचा हिशेब ठेवत होते.

बाबासाहेबांनी ही हकिकत १९३५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात सांगितली आहे. ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ते पुस्तिकेच्या रूपात काढले. पुस्तिकेकडे आत्मचरित्र म्हणून पाहिले जाते. प्रवासाचा आणि मुक्कामाचा दस्तऐवज म्हणून तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक तिच्यातले बहुतेक प्रसंग कोणत्या ना कोणत्या दारातले आहेत.

त्यांतला दुसरा प्रसंग तर थेट इनचाच. १९१७ मध्ये आंबेडकर लंडनहून परतले आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. राहायचे कुठे? हिंदू हॉटेले घेणार नाहीत हे ठाऊक होते. शहरात पारशांसाठी एक विश्रामगृह होते. इंग्रजीत त्यांनी त्यासाठी ‘इन’ हाच शब्द वापरला आहे. तिथे फक्त पारशी उतरू शकत. पण पाहुणे क्वचितच येत, आणि रखवालदारालाही थोडी कमाई हवी होती. नोंदवहीत पारशी नाव लिहायचे या बोलीवर त्याने दिवसाला दीड रुपयात जेवणाखाणासह जागा दिली. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, शेजारी अडगळीने भरलेले मोठे दालन, वीज नाही. रात्री कंदिलाच्या उजेडात कोलंबिया विद्यापीठाचा हा पदवीधर तिथे वाचत बसे.

अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन जिना चढून आले. तुम्ही कोण, हाच प्रश्न. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची तंबी मिळाली. आंबेडकरांनी दोन मित्रांकडे विचारणा केली, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. पुढे १९२१-२२ मध्ये लंडनला शिक्षण पुरे करताना ते किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात भाडेकरू होते. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ मध्ये विकत घेतले. परक्या शहरात ज्याला खोली मिळाली त्याला बडोद्यात, एका मराठी राजाच्या राजधानीत, ती मिळाली नाही, हे त्या स्मारकासमोर उभे राहताना लक्षात ठेवायला हवे.

मात्र यावरून इंग्लंडची दारे सर्वांना उघडी होती असा निष्कर्ष काढला तर तो घाईचा ठरेल. १९४३ मध्ये वेस्ट इंडीजचे विख्यात क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाईन लॉर्ड्सवरील सामन्यासाठी लंडनला आले. रसेल स्क्वेअरच्या इंपीरियल हॉटेलात त्यांनी कुटुंबासह चार रात्रींची जागा आधीच घेतलेली होती. पोहोचल्यावर त्यांना एकाच रात्रीपुरते राहू देण्याची भाषा झाली. हॉटेलातल्या अमेरिकन पाहुण्यांना काळा माणूस खपणार नाही, हे कारण. कॉन्स्टंटाईन न्यायालयात गेले. त्या वेळी ब्रिटनमध्ये वर्णभेदाविरुद्ध कायदाच नव्हता. मग दावा कशाच्या आधारे? त्याच जुन्या इनच्या नियमाच्या! वाजवी कारणाशिवाय प्रवाशाला नाकारता येत नाही, हे शतकांपूर्वीचे तत्त्व १९४४ मध्ये न्यायमूर्ती बर्केट यांनी उचलून धरले. नुकसानभरपाई मिळाली पाच गिनी, म्हणजे नाममात्र. पण निकाल मिळाला.

आपल्याकडे असा नियम परंपरेत सापडत नव्हता. तो भांडून लिहून घ्यावा लागला. त्याची एक महत्त्वाची पायरी म्हणजे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा संमत झालेला ठराव. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या पाणवठ्यांवर, विहिरींवर आणि धर्मशाळांत अस्पृश्य वर्गाला मुक्त प्रवेश असावा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने यांतही, असे त्याने सांगितले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह (२० मार्च १९२७) याच ठरावाच्या अंमलबजावणीतून उभा राहिला, हे आपण शाळेत शिकतो. त्या ठरावात पाण्याच्या बरोबरीने ‘धर्मशाळा’ हा शब्द होता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मसूरच्या वाटेवर जे नाकारले गेले, ते दोन्ही त्यात होते : पाणी आणि रात्रीचा निवारा.

ठराव कागदावर राहिला तिथे काही माणसांनी विटा रचल्या. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. कीर्तनातून गोळा झालेला पैसा त्यांनी देवळांपेक्षा मुक्कामाच्या जागांवर खर्च केला, यामागची दृष्टी नीट पाहण्यासारखी आहे. स्वतः आयुष्यभर रस्त्यावर राहिलेल्या माणसाला मुक्कामाची किंमत ठाऊक होती. पंढरपूरला वारीसाठी येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्यांना उतरायला जागा नसे. त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या स्वाधीन केली.

औंधचे काय? प्रतिनिधींचे हे संस्थान लहान, तुकड्यातुकड्यांत विखुरलेले : औंध, कुंडल, आटपाडी आणि विजापूरकडचे गुणदाळ, मिळून बहात्तर गावे. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक. गरीब विद्यार्थ्यांची शिक्षणाची आणि जेवणाची सोय होते, अशी औंधची कीर्ती कोकणापर्यंत पोहोचली होती. ती ऐकून पालगडचा एक हुशार, गरीब मुलगा शिकायला औंधला आला. त्याने इथे पुष्कळ हाल काढले आणि प्लेगमुळे शाळा बंद झाल्यावर तो निघून गेला. तो पांडुरंग सदाशिव साने. पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले आणि दार उघडले. धर्मशाळेच्या संस्कृतीचा उजळ भाग पाहायचा तर तो औंधच्या त्या अन्नदानात आहे. परगावच्या पोराला ताट मिळाले, हे थोडे नव्हे. पण दान हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हक्काचे नसते. हा फरक पोटात भूक असेपर्यंत जाणवत नाही; दारातून परत पाठवले जाते तेव्हाच जाणवतो.

संस्थानानेही अखेरीस मर्जीकडून हक्काकडे एक पाऊल टाकले. जानेवारी १९३९ मध्ये बाळासाहेबांनी आपले अधिकार प्रजेच्या हाती देणारी घटना जाहीर केली. महात्मा गांधींचे मार्गदर्शन, पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन आणि ऑक्सफर्डहून परतलेले युवराज अप्पासाहेब पंत यांचा त्यात हात होता. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर हा कैद्यांचा खुला तुरुंग सुरू झाला. कुलपाविना राहणाऱ्या कैद्यांची ही वसाहत पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा ठरली. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले.

त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला दिल्लीत संविधान सभेपुढे मसुद्यातील नववे कलम चर्चेला आले. आज ते संविधानाचे पंधरावे कलम आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश करण्यास किंवा सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते वापरण्यास मज्जाव करता येणार नाही, असा त्याचा आशय. चर्चेत प्रश्न निघाला : ‘दुकान’ म्हणजे नेमके काय? न्हावी, धोबी यांची कामे त्यात येतात का?

मसुदा समितीच्या अध्यक्षांनी उत्तर दिले. ‘दुकान’ हा शब्द केवळ आत पाऊल टाकू देण्यापुरता नाही, असे त्यांनी सांगितले. जो कोणी आपली सेवा लोकांपुढे ठेवतो तो यात येतो, आणि सेवेच्या अटी मान्य असतील तर ती सेवा त्याच्याकडून मागता येते. इंग्लंडमधील इनच्या नियमाचा गाभा याहून फारसा निराळा नव्हता. पण हे स्पष्टीकरण देणाऱ्याला तो समजून घ्यायला आयव्हन्सच्या खटल्यापर्यंत जाण्याची गरज नव्हती. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी मसूर स्थानकाबाहेर, नवी टोपी घालून, दुप्पट भाडे हातात घेऊन तो गाडीवानांपुढे उभा राहिला होता.